बाकी तीन

प्रिय नोएलिया,

सगळ्यांच्या आधी कोण उगवली असेल? सातुर्नीना, दुसरी कोण! पाहुण्यांची गाडी आंब्याखाली थांबते न थांबते तोच शेजारीणबाई मीठ मागायला हजर, आणि वाटी आणायचीच विसरलेली. गाडीतून एक बाई उतरली, शिक्षण कचेरीतली, घामाघूम, टाचेच्या बुटांना तांबडा चिखल. मागून एक तरुण साहेब. तुझ्याबद्दल आलेत हे कळायला शाळा लागत नाही, आणि मी तरी कुठे शिकलेय? दुसरीतून आईनं उठवून मांडिओकाचे कंद सोलायला बसवलं, ते मी अजून सोलतेच आहे. यंदा बरा आलाय गं, लोण्यासारखा शिजतो.

हां, तर पाहुणे. मोडक्या पायाची खुर्ची मी मुद्दाम सातुर्नीनाला दिली. बाई म्हणाली, तालुक्याच्या परीक्षेत चौथीच्या सगळ्या पोरांनी एका गणिताचं एकच चुकीचं उत्तर लिहिलंय. सगळ्यांनी, अगदी तेच. म्हणजे कुणीतरी सांगितलं असणार. आणि त्यांची शिक्षिका, म्हणजे तुमची नात, निकाल लागल्यापासून गावात नाही, मग आम्ही काय समजायचं? तू आईला भेटून येते म्हणालीस, तेच मी त्यांना सांगितलं. पण तू रंगवलेली आकड्यांची चित्रं तूच जाताना चुलीत कोंबलेली मी पाहिली होती. जाळली नाहीत हो मी. पलंगाखाली आहेत, एका कोपऱ्याला काजळी लागलीय तेवढीच.

लोक आधी काय काय बोलायचे तुला! म्हणे ही शिक्षिका पोरांना चिपाचे पाव कापायला लावते, खाऊन झाल्यावर गणित शिकवणार वाटतं. आणि सुताराची ती धाकटी, गणिताच्या दिवशी जिचं हमखास पोट दुखायचं, ती आता माझ्याकडे येऊन आंबे मागते, सारखे वाटून बघायला. तुझीच नक्कल करते, कमरेवर हात ठेवून: आधी डोळे मिटा, गणितात कोण बसलंय, हातात काय आहे ते नीट बघा, मग मोजा.

बाईनं ते गणित वाचून दाखवलं. पाल्यावर गार पाणी ओतून तेरेरे प्यायला चौघं बसलीत, सुरईतल्या पाण्यानं शिंगाचा पेला बारा वेळा भरतो, तर प्रत्येकाला सारखे किती पेले? मी डोळे मिटले. आंब्याखाली आम्ही चौघं दिसलो. बोटं मोजत मी म्हटलं, दोन-दोन, आणि तीन उरतील. बाईनं साहेबाकडे पाहिलं.

"घ्या. आजीलासुद्धा पढवून ठेवलंय."

उत्तर तीन-तीन होतं म्हणे, बाकी काही नाही. मला वाटलं, आता माझ्या तोंडानंच पोरीची नोकरी घालवली. घाबरले की मी काय करते तुला ठाऊक आहे. उठले, सुरईत बर्फ टाकला, शिंगाच्या पेल्यात तेरेरेचा पाला भरला, पहिलं पाणी ओतलं आणि शिंग समोर ठेवलं. त्या बाईचा घसा कोरडा पडला होता, शिंगावरून नजर हलत नव्हती, पण हात काही पुढे केला नाही. पाणी पाल्यात जिरून गेलं. तेव्हा तो साहेब हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही घेतलं का नाहीत?"

"पहिलं पाणी संत तोमासबाबांचं असतं ना, ते कुणी पीत नाही," ती म्हणाली, आणि तिथंच थांबली.

नोएलिया, बारातलं एक संताला गेलं की अकराच उरतात गं, चौघांत दोन-दोन आणि बाकी तीन! सातुर्नीना इतकी हसली की खुर्चीनं दगा दिला. बाईही हसली, पण लगेच हसू आवरलं. म्हणाली, मला पटलं म्हणून कचेरीला पटत नाही. शिक्षिकेनं आमच्यासमोर पोरांना नवीन गणितं घालावीत, पोरांनी ती सोडवावीत. ती वर्गात नसेल तर आत्ता कागदावर पढवलं म्हणून लिहिलंय तेच खरं धरलं जाईल आणि चौथीला दुसरं माणूस येईल.

तेव्हापासून मी खूश आहे आणि काळजीतही आहे. तुला वाटतंय तुझ्या खेळांनी पोरं बिघडली. अगं, तू बघायला सांगितलंस आणि त्यांनी इतकं नीट बघितलं की संताचा वाटासुद्धा काढून ठेवला. याला कुणी चूक म्हणो, मी म्हणणार नाही. पण मी वर्गात उभी राहू शकत नाही, तुलाच राहावं लागेल. म्हणून हे वाकडंतिकडं लिहून बसच्या चालकाकडे देतेय. त्याच बसनं परत ये, तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरायला सांगितलीय. चित्रं पुसून ठेवते. शाळा भरायच्या वेळी येतो म्हणालेत ते, शुक्रवारी.

तुझीच, वाट बघणारी
देओलिंदाआजी