कोरडे केस

१२ फेब्रुवारी २०२४, वारूळवाडी

शाळेनं प्रयोगासाठी एक वर्ग दिलाय. पहिल्याच दिवशी सहा मुलं. डोक्याला मेंदूच्या लहरी मोजणारी टोपी, कानात बारीक आवाज, वीस मिनिटं. तुलनेसाठी बोलावलेली चार मुलं शहाण्यासारखी बसली. स्वमग्न दोन. त्यातला ऋषी, महाळुंगे पडवळचा, आठ वर्षांचा – टोपी पाहूनच बाकाखाली! त्याची आई सोनल पण जमिनीवर बसली त्याच्याजवळ. स्कूटीवर बांधलेला स्कार्फ तीन तासांत सोडला नाही तिनं. शेवटी बसला पठ्ठ्या.

वर्गभर खोबरेल तेलाचा वास. आईची आठवण आली. बरं वाटलं.

९ जानेवारी २०२५

जर्नलनं पेपर स्वीकारला!! आवाज ऐकताना स्वमग्न मुलांच्या लहरी इतरांच्या दीडपट मोठ्या. सहा वर्षं घासली यासाठी. विभागप्रमुख सर म्हणाले, "इंद्रायणी, कायमची जागा आता तुझीच समज."

१६ जानेवारी

महाळुंग्याला पेढे घेऊन गेले. सोनलच्या भिंतीवर ऋषीच्या लहरींचा कागद – फ्रेम करून! मीच दिला होता कौतुकानं. पोटुशी असताना तिनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोरगं असं झालं, हे तिची सासू कुशाबाई आठ वर्षं ऐकवत होती. "डोक्यातल्या लहरीच येगळ्या म्हनत ह्यो फोटू दावला, तवा कुठं गप बसल्या," सोनल म्हणाली.

तेवढ्यात शेजारचा ऋतिक पेढ्यासाठी आला. तुलनेच्या मुलांतलाच. डोकं चकचकीत. मी चेष्टेनं म्हटलं, आमच्याकडेही असाच तेल थापून आला होतास का रे?

"मंग!" सोनलच बोलली. "तुमच्या कागदावर लिवलं व्हतं ना, डोकं धुऊन आणा. धुतलं की तेल लावायचंच. कोरडं डोकं घिऊन पोराला भाईर कसं काढायचं? आमचा ऋषी तेवढा हात लावू देत न्हाई."

हातातला पेढा तसाच डब्यात ठेवला.

१७ जानेवारी

सूचनांचा कागद मीच लिहिलेला. 'केस धुऊन आणावेत.' तेलाबद्दल अवाक्षर नाही! तेलकट केसांवर टोपी नीट टेकत नाही, लहरी पुसट येतात. नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात सांगतो आम्ही हे. मशीन सारखा तसा इशारा देत होतं. गावातल्या विजेचा दोष समजून मीच इशाऱ्याची मर्यादा वाढवली.

सगळ्या चित्रफिती पाहिल्या. तुलनेची मुलं एकेचाळीस, त्यातली अडतीस चकाकतायत. स्वमग्न मुलांची डोकी जवळजवळ सगळी कोरडी – हात लागलेला सोसत नाही म्हणून.

म्हणजे माझा शोध कसला? खोबरेलचा!

मग ही वही मागे चाळली. वास आला होता मला. लिहूनही ठेवलाय गाढवीनं.

१९ जानेवारी

सरांना सांगितलं. त्यांनी दार लोटलं. मग म्हणाले, "जागेची मुलाखत चोवीसला आहे. तोवर थांब. तेलाचं कुणी विचारणार नाही."

खरंय. कुणी नाही विचारणार.

२२ जानेवारी

पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. जागा गेली. तिच्यासाठी नंतर रडेन. आत्ता भीती वाटतेय ती सोनलच्या भिंतीवरच्या फ्रेमची. तिथं मलाच जायला हवं.

२५ जानेवारी

सांगितलं. कुशाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "म्हंजी फोटू खोटा?"

फोटो ऋषीचाच आहे, मी म्हटलं, मी त्यातून काढलेला अर्थ चुकला. पण ग्रहणाचा काही संबंध नाही, ते मी आजही सांगते.

"तुमचं आता कोन ऐकनार?" कुशाबाई म्हणाल्या.

सोनलनं फ्रेम उतरवली, कपाटावर पालथी ठेवली. मला लाज वाटली. फार लाज वाटली.

२८ जानेवारी

सोनल पुण्याला आली. एकटी, एसटीनं. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून स्कार्फ सोडला. राठ, कोरडे केस, हातानंच कसेबसे बांधलेले.

"मलाबी तेल सोसत न्हाई, म्याडम. ल्हानपणापासनं. मिक्सर लावला की कान झाकून भाईर पळते. आजवर कुनाला बोलले न्हाई. घाला ती टोपी. माझ्याकडनंच आलं आसंल, तर मंग गिराणात भाजी चिरल्याचं तरी न्हाई ना?"