गुडघ्यांच्या अर्काची रासायनिक तपासणी

पिपरी मेघे, वर्धा

ती. रूपरावजी यांस,

प्रभाकरचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली तब्येत, वहिनींचा दमा आणि वांग्यांवरची कीड हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम म्हणावे, तर आपल्या बहिणीमुळे ते म्हणता येत नाही.

दिवाळीत आपण मोहिनीच्या गुडघ्यांसाठी बाटलीभर अर्क पाठवलात. तेव्हापासून ती रोज दुपारी जेवण झाले की बाटली घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लावते आणि पंधरा मिनिटांनी इतकी प्रसन्न होऊन बाहेर येते की मला आपणहून चहा विचारते. (लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, आजवर मीच मागत आलो.) आता बघा, जिल्ह्यात दारूबंदी, आपली बहीण महिला मंडळाची अध्यक्ष, आणि येत्या रविवारी पवनारला ती पंचवीस नवरोबांना दारू न पिण्याची शपथ देणार. (चोवीस नावे जमली आहेत, पंचविसाव्यासाठी दारोदार फिरते.) उद्या कुणी म्हटले की अध्यक्षीणबाईच दुपारी दार लावून बसतात, तर?

नुसत्या वासावरून निकाल देणे हे अडाण्यांचे काम. कनिष्ठ महाविद्यालयात सेंद्रिय रसायन शिकवणाऱ्याला ते शोभत नाही. म्हणून वाटीभर अर्क प्रयोगशाळेत नेला. खाण्याच्या सोड्यावर टाकला, फसफसला नाही. म्हणजे आम्ल नव्हे. ब्रोमीनच्या पाण्याचा रंग उडाला नाही. म्हणजे द्विबंधवाला हायड्रोकार्बन नव्हे. फेरिक क्लोराइडने जांभळा झाला नाही, फिनॉल बाद. पेटवला तर निळसर ज्योत, काजळीचा पत्ता नाही. तेव्हा बेंझीनच्या गोतावळ्यातलाही नव्हे. (इतके निर्दोष स्थळ आमच्या लीनासाठी दोन वर्षे शोधतो आहे.) शेवटी आयोडीन आणि कॉस्टिक सोडा घालून कोमट केला. पिवळे स्फटिक, दवाखान्याचा वास. अल्कोहोल! आमचा प्रयोगशाळेचा शिपाई बंडूजी म्हणाला, "सर, हे तं मी बूच काढताच सांगतलं असतं." शास्त्राची ही कदर.

मात्र अॅसिटोनही असाच पिवळा कौल देते. शंकेला जागा नको म्हणून तपासणी मी रोज घरीच चालू ठेवली आहे. (घरी आयोडीन नसते, चवीवर भागवावे लागते. रसायन चाखू नये असे मी पोरांना बजावतो. पण पोरांवर कुटुंबाच्या अब्रूचा भार नसतो.) बाटली झपाट्याने उतरते आहे. मोहिनीचे प्रमाण वाढत चालले याचे मला फार वाईट वाटते. तिला तोंडावर विचारायची माझी छाती नाही. आपण वडीलभाऊ, आपणच समजवावे.

आपला,
प्रभाकर

ता.क. निष्कर्ष पक्का व्हायला आणखी नमुना लागेल. दोन बाटल्या पाठवाव्यात. घरी नको, कॉलेजच्या पत्त्यावर.

ता.क. दादा, मी मोहिनी. पाकीट चिकटवाले यायनं माह्याच हाती देल्लं, म्हणून वाचलं. तो मोहाचा अर्क मी गुडघ्याले चोळतो. साडी वर घ्या लागते म्हणून दार लावतो. बाटली अर्धी कशी झाली, मले वाटे उंदरानं सांडवली. दुसरी नको पाठवजो. अन् वहिनीले सांगजो, पंचविसावं नाव भेटलं.