निळी मोटारसायकल, आईचा पाट आणि दोन विटा

लिहून ठेवणार : प्रज्ञेश श्रीपती ओव्हाळ, वय ५४ वर्षे, धंदा शिक्षकी (संस्कृत), मूळ राहणार बेडसे, हल्ली राहणार लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे :

माझे मन स्थिर आहे, बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती इतकी चांगली आहे की ती थोडी कमी असती तर काही नातेवाइकांना बरे वाटले असते. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी मात्र गेल्या वर्षापासून जागा सोडून बाहेर डोकावते. तथापि कायदा मृत्युपत्रासाठी मनाची सुस्थिती मागतो, कमरेची मागत नाही, याची वकील तेजलताई यांच्याकडून खातरजमा करून घेतली आहे.

हा लेख मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असे लिहिण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती अशी की माझी पत्नी रुपाली म्हणाली, "चोपन्नाव्या वर्षी चारशे सीसीची गाडी घ्यायची ना, घ्या. आधी मृत्युपत्र, मग चावी." याला दडपण म्हणत नाहीत, असे तिचे मत आहे. ते मला मान्य आहे.

१. लोणावळ्यातील दोन खोल्यांचे राहते घर रुपालीच्या नावे. गॅलरीतली वेताची आरामखुर्ची तिने तेवढी टाकून द्यावी. माझ्या दुखण्याची सुरुवात त्या खुर्चीने झाली, मोटारसायकलने नव्हे, हे मी दीड वर्ष तोंडी सांगत आलो. आता लेखी सांगतो.

२. बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी रुपाली आणि मुलगी प्रतीक्षा यांना निम्मे निम्मे. या विषयावर अधिक लिहिण्याजोगे काही नाही; मी शिक्षक होतो.

३. बेडसे येथील भातखाचरातील माझा हिस्सा धाकटा भाऊ सुरज यास. तो सुदुंबऱ्याच्या कंपनीत पाळ्या करून वर भात लावतो, आणि मी बांधावर उभा राहून सूचना करतो. जमीन कोणाची, हे चिखलाला आधीच ठाऊक आहे. "दादा, आता स्कूटर घे," असे म्हणत त्याने वेळोवेळी माझ्या हातात ठेवलेली स्कूटरची तीन माहितीपत्रकेही त्यालाच परत द्यावीत. ती घडीसुद्धा न मोडता ठेवली आहेत.

४. संस्कृत कोश व व्याकरणाची पुस्तके बेडश्याच्या विहारातील वाचनालयास. माझे वडील श्रीपती रेल्वेत गँगमन होते. त्यांनी मला तळेगावच्या एका शास्त्रीबुवांच्या दारात नेऊन उभे केले आणि म्हणाले, "ह्याला समदं शिकवा. आमाला ज्या दारातनं आत घेतलं न्हाई, त्या दाराची किल्ली ह्याच्या खिशात पायजे." किल्ली मिळाली. त्या खिशात पुढे मोटारसायकलचीही किल्ली आली आणि ती जास्त वापरली गेली, हे वडिलांना कळवायचे राहिले.

५. जुनी काळी मोटारसायकल, जी मी १९९९ साली घेतली, तीही सुरज यास. तिच्या हँडलासाठी टाकीवर पालथे पडावे लागते. तिच्यावर मी सव्वीस वर्षे दर रविवारी लोणावळ्याहून कामशेतमार्गे बेडश्याला आईकडे गेलो. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी पोहोचलो खरा, पण तिच्यावरून उतरता येईना. आई अंगणात येऊन म्हणाली, "मास्तर, गाडीसकट आत येनार का?" सुरजने ती चालवू नये. फक्त एकदा तिच्यावर बसून, स्कूटरबद्दल आपण काय बोललो ते आठवावे.

६. नवी निळी मोटारसायकल प्रतीक्षेस. या कलमाला इतिहास आहे आणि तो नोंदवला नाही तर लोक आपापल्या सोयीने सांगतील, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रतीक्षा तळेगावला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने कागदावर माणसाचे चित्र काढून मला समजावले. "बाबा, पुढं ओणवं बसायचं नाही. सोफ्यावर बसल्यासारखे पाय पुढे टाकूनही बसायचं नाही, मग प्रत्येक खड्डा थेट मणक्याला लागतो. पाय खाली, पाठ जराशी पुढे, हात सैल. अशी गाडी मिळाली तर घ्या." रुपालीने पुढे अट जोडली : चार रविवारांत अशी गाडी सापडली नाही, तर मोटारसायकल हा विषय कायमचा बंद, बेडश्याला लोकल आणि एस.टी.ने जायचे.

मी परीक्षा शास्त्रशुद्ध ठरवली. लोणावळ्यात पर्यटकांना गाड्या भाड्याने देणारे समर्थ येवले यांनी पर्यटक उठण्यापूर्वी गाडी द्यावी. मी ती बेडश्यापर्यंत न्यावी. तिथे आईच्या स्वयंपाकघरात नेहमीच्या पाटावर मांडी घालून जेवावे आणि उठावे. उठताना हात जमिनीला टेकला, की गाडी नापास. हँडल, सीट व फूटरेस्ट यांना मिळून पन्नास गुण. उठण्याला एकट्याला पन्नास.

पहिल्या रविवारी लाल गाडी. रूप असे की वर्गात पहिल्या बाकावर बसवावे. हँडल मात्र गुडघ्यांच्या गप्पा ऐकण्याइतके खाली. उठताना माझे दोन्ही हात टेकले. नापास. दुसऱ्या रविवारी येवल्यांकडचीच एक काळी, सुरजच्या आवडीची, पाय पुढे टाकून बसायची. पवनानगरच्या रस्त्यावरचा एकही खड्डा तिने माझ्यापासून लपवून ठेवला नाही. हात टेकला, शिवाय आईचा खांदाही धरला. नापास.

आई, म्हणजे भामाबाई, भाकरी थापत हे सर्व ऐकत होती. तिने विचारले, "चौथ्या रईवारी बी न्हाई जमलं तर?"

"तर गाडी बंद, आई. एस.टी.ने येईन."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा पाटाकडे पाहिले. मी ते सहानुभूती समजलो.

तिसऱ्या रविवारी मी लाल गाडीच पुन्हा नेली. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी फेरपरीक्षेला बसू दिले नाही. हिला दिले, हे इथे कबूल करतो. आणि काय सांगावे, जेवून उठलो तो हात न टेकता, झोपेतून उठल्यासारखा. एक्क्याण्णव गुण. परतताना मी शोरूममध्ये लाल गाडी नोंदवली. सोमवारी सकाळी पलंगावरून उठायला मला वीस मिनिटे लागली. ते मी अतिआनंदाचे लक्षण मानले.

चौथ्या रविवारी ही बातमी आईला सांगायला आम्ही तिघे भाड्याची मोटार करून गेलो. प्रतीक्षा माझ्या पाटावर बसली आणि लगेच खाली वाकून पाहू लागली.

"आजी, हा पाट एवढा उंच कधीपासून?"

पाटाखाली दोन विटा होत्या. वर गोधडीची घडी, आणि दिसू नये म्हणून भोवती जुन्या लुगड्याची झालर.

आई जराही वरमली नाही. "व्हय, म्याच लावल्या. हा मास्तर एकेक गाडी नापास करीत सुटलेला. गाडी न्हाई म्हंजी कामशेतला उतरायचं, मंग येस्टीची वाट बघायची. दोन रईवार येशील, तिसऱ्याला फोन करशील. मला काय कळत न्हाई?"

रुपाली हसायला लागली ती थांबेना. मला हसता आले नाही, कारण फोनची गोष्ट खरी होती. दुसऱ्या रविवारी परतताना मी लोकलचे वेळापत्रक पाहिले होते आणि महिन्यातून दोनदा पुरेल असा हिशेब मनात केला होता. कोणाला सांगितले नव्हते. आईने तो पाठीवरून वाचला.

रुपालीने तिथल्या तिथे एक रविवार वाढवून दिला, विटा काढण्याच्या अटीवर. समर्थ येवले यांनी तेवढ्यात निळी शोधून ठेवली : आवाज आणि धाव लालसारखीच, पण हँडल वर, फूटरेस्ट ना फार मागे ना पुढे, सीट सपाट, आणि मागचा शॉक हवा तेवढा मऊ करता येणारा. मी नेली, जेवलो. सगळे भाकऱ्या सोडून माझ्याकडे पाहत बसले. दोन श्वास घेतले आणि हात न टेकता उठलो. बहात्तर गुण. शोरूमने नोंदणी लालवरून निळीवर बदलून दिली. विक्रेत्याने कारण विचारले तेव्हा रुपालीनेच "विटा" असे उत्तर दिले.

सबब ही गाडी माझ्या मागे प्रतीक्षेची. अट एकच : बेडश्याला वाट पाहणारे माणूस असेल तोवर दर रविवारी तिने ती तिकडे न्यावी. फोन करून चालणार नाही.

७. आईचा पाट माझ्या मालकीचा नाही, तरी आईने तो याच मृत्युपत्रात लिहायला लावला. "लिव, म्हंजी कोन भांडनार न्हाई," असे तिचे म्हणणे. पाट व दोन विटा आमच्या दोघांच्या मागे प्रतीक्षेस. पुढे कधी तिच्या घरी कोणी यायचे कमी होऊ लागले, तर तिने त्या न सांगता वापराव्यात.

८. मित्र मुकुल वाडेकर, चिक्कीचे व्यापारी, यांस काही नाही. त्यांनी २०११ साली माझे हेल्मेट नेले व हनुवटीच्या पट्ट्याला चिक्कीचा शेंगदाणा चिकटवून परत केले. शिवाय त्यांची निळ्या गाडीवर पहिल्या दिवसापासून नजर आहे. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे तेजलताई सांगतात. म्हणूनच मुकुल यांना आग्रहाने साक्षीदार केले आहे.

या लेखाची अंमलबजावणी रुपालीने करावी. ती नाहीतरी करणारच होती.

हे सर्व मी वाचून, समजून आणि आईला मोठ्याने वाचून दाखवून सही करीत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण याआधी चावी कोणी अडवली नव्हती.

स्थळ : बेडसे, आईचे स्वयंपाकघर, पाटावर. विटांशिवाय.
दिनांक : रविवार, २३ नोव्हेंबर २०२५.

(सही) प्रज्ञेश श्रीपती ओव्हाळ

साक्षीदार :
१. (सही) मुकुल अनंत वाडेकर, लोणावळा. हेल्मेटाचा आरोप अमान्य, बाकी बरोबर.
२. (सही) समर्थ हिरामण येवले, लोणावळा.

लिहून ठेवणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व त्यानंतर तो हात न टेकता उठला, हे आम्ही दोघांनी पाहिले.

चावी दिली. (सही) रुपाली

साक्षीदार नसताना केलेली सही :
भामाबाई. म्या बी बगितलं. फुडच्या रईवारी ये.