पास्कोलची साक्ष, माझं मनगट

२ फेब्रुवारी, रविवार
पास्कोल त्या गिटारवाल्या प्रार्थनामंडळाच्या रिट्रीटहून, म्हणजे शिबिराहून, परतला. गेला होता नवरा, आला संत. पांढरा सदरा, गळ्यात हा एवढा क्रूस. दारातच "प्रेज द लॉर्ड". मी म्हटलं, "चपला बाहेर काढ."
मग कपाटामागची बाटली काढली आणि मला मुद्दाम बोलावून माडाच्या आळ्यात ओतली. बिचाऱ्या माडाने याचं काय बिघडवलं होतं? मोठी जाऊ मर्सी कुंपणापलीकडून बघत होती. गाऊनच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली, "फिलू, चमत्कार गं!"
चमत्कार. मागच्या उपवासकाळातही सोडली होती. ईस्टरच्या जेवणापर्यंत टिकली.

९ फेब्रु.
अजून कोरडा आहे.
मोरीत भक्तिगीतं. केळीला पाणी सोडताना भक्तिगीतं. जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांब की बांगड्याच्या कालवणावर साय धरते. आणि भाषा! जन्मभर घरात आमची गावची बोली बोललेला माणूस देवासमोर एकदम "हे दयासागरा, आम्हा पामरांवर". निर्मळची बोली देवाला कळत नाही वाटतं.
वर आज म्हणतो, "मीठ किंचित कमी आहे का?" इतकी वर्षं जीभ कुठे गहाण होती?

१६ फेब्रु.
भांडी घासतो. चुकीच्या जागी लावतो. झारा आज फ्रीजच्या मागे सापडला.
पिणारा नवरा निदान संध्याकाळी घरात नसायचा. ती वेळ माझी. वह्या तपासायच्या, सिरियल बघायची, पाय वर घेऊन बसायचं. आता पा. समोर खुर्ची ओढून बसतो, मांडीवर बायबल.
"शाळेत आज काय झालं?"
"शाळा झाली."
"हं," म्हणाला. समाधानाने! न पिणारा पा. इतका कंटाळवाणा असेल अशी कल्पना नव्हती.

५ मार्च, राखेचा बुधवार
मी कपाळावरची राख स्कूटर काढतानाच पुसली. पा. तशीच मिरवत आगाशीच्या बाजारात केळी घालायला गेला. सगळ्यांनी बघावं. बघितलं असेलच.
इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. याने दारू सोडावी म्हणून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना मीच केली. मेणबत्त्या मीच लावल्या. मर्सी नाही, तो प्रार्थनामंडळाचा ब्रदर नाही. मी. मागितलं ते मिळालं. मग मला आनंद का होत नाही? मिळालं तेही माझ्या हातून नाही, त्या गिटारवाल्यांच्या हातून. मी इतकी वर्षं गुडघे टेकले ते…

८ मार्च, शनिवार
सिंथिया न्यायला आली होती. "मम्मी, पप्पांसाठी एकदा तरी ये." मुलगी नर्स आहे, आचोळ्याला राहते, त्या मंडळाचा प्रार्थनेचा हॉल तिच्या बिल्डिंगजवळच. गेले. चूक झाली.
खाली दुकानं, वर हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ड्रम, कानाला माईक लावलेला ब्रदर. बायका हात वर करून डोलत होत्या, त्यात आमच्या गावच्याही पाच-सात. मग ब्रदर म्हणाला, आता ब्रदर पास्कोल साक्ष देतील.
पा. उठला. म्हणाला, "दारूच्या नशेत मी माझ्या बायकोचं मनगट मोडलं. ते आजही वाकडं आहे."
सगळा हॉल हळहळला. मी डावा हात पर्सखाली घेतला.
पुढे म्हणाला, "मग मीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकावर बसून पहिल्यांदा देवाला हाक मारली."
साफ खोटं. हा ओटीवर घोरत होता. मी हाताला उशीचा अभ्रा गुंडाळून, दुसऱ्या हाताने सिंथियाला धरून, एसटीने आगाशीला गेले. डॉक्टरला सांगितलं, केळीच्या वाडीत घसरले. सासूला तेच, शाळेत तेच, फादरनाही तेच. साऱ्या गावाला माहीत होतं, फिलू टीचर वाडीत घसरली. ती गोष्ट मी उभी केली होती आणि मी सांभाळली होती. याने हातात माईक घेऊन ती पाडली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला.
तेवढ्यावर भागलं नाही. ब्रदर ओरडला, "सिस्टर, वर या! क्षमेचे दोन शब्द!" (मी याची सिस्टर कधीपासून?) माईक माझ्या हनुवटीखाली. मी म्हटलं, "मला घरी जायचंय."
स्पीकरमधून घुमलं. मागून दोघी-तिघी "हालेलुया" म्हणाल्या. स्वर्गातलं घर वाटलं असेल त्यांना. मी जिना उतरून रिक्षा केली.

१० मार्च
गावात पसरलं. हजेरीपट डाव्या हातात धरला की स्टाफरूममधले डोळे मनगटावर. मोठ्या बाई म्हणाल्या, "काही लागलं तर सांगा हं." काय लागणार? वीस वर्षांनी प्लास्टर?
घरी आले तर मर्सी हजर. "किती सोसलंस गं! कधी बोलली नाहीस." हिच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्या दिवशी हिने रेडिओ मोठा केला होता.
आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: पास्कोलचं धाडस बघा, सगळ्यांसमोर कबूल केलं! तो धाडसी. मी त्याने दाखवायला आणलेली वस्तू.

११ मार्च
शेवटी बोलले. तो केळीची पानं कापत होता.
"कोणाला विचारून सांगितलंस?"
"देवाने प्रेरणा दिली."
"मोडलेला हात देवाचा होता का?"
आणखी एक पान कापलं. मग म्हणाला, "मला वाटलं, खरं बोललं की ओझं उतरतं."
"उतरलं ना तुझं? कुठे उतरवलंस बघ जरा. माझ्या डोक्यावर. देवाने तुला माफ केलं, हॉलने केलं, मर्सीने केलं. मला कोणी विचारलं?"
रडायला लागला. पूर्वी पिऊन रडायचा, आता न पिता रडतो. मी कोयता त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि आत आले. एक बोट जायचं उगाच.

१६ मार्च, रविवार
सिंथिया चर्चमधल्या मिस्सानंतर आली, फणफणत.
"तुला काय हवंय मम्मी? त्यांनी परत प्यावं?"
मी म्हटलं, "त्याने गप्प बसावं."
तर म्हणते, "मीही होते त्या खोलीत. नऊ वर्षांची. बसमध्ये तू मला पढवलंस, कोणी विचारलं तर वाडीत घसरली म्हण. मी म्हटलं. वर्गात म्हटलं, पाप सांगायला फादरकडे गेले तिथेही म्हटलं. त्या दिवशी हॉलमध्ये पप्पा बोलले तेव्हा मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला."
मी उठून चहा टाकला. तिने घेतला नाही.
जाताना उंबऱ्यातून वळून म्हणाली, "पण दवाखान्याचं ते खोटं बोलले. तेही मला माहीतय."
एवढंच माझ्या बाजूचं.

२९ मार्च
ईस्टरच्या आधी मैदानावर मोठी प्रार्थनासभा आहे. मंडप, स्क्रीन, बाहेरगावची माणसं. पा.ची साक्ष ठेवायची म्हणतात. आज दुपारी मी मिरच्या निवडत होते तर समोर येऊन उभा राहिला. शाळेतली पोरं उशीर झाल्यावर दारात उभी राहतात तसा.
"विचारायला आलोय. सांगू का?"
"नाही."
"बरं."
आणि गेला. प्रवचन नाही, रडणं नाही. काहीतरी डाव असणार.

२ एप्रिल
डाव नव्हता. ब्रदर स्वतः घरी आला, बरोबर दोन बायका. सोफ्यावर बसून आमचं घर डोळ्यांनी मोजलं. मग मला म्हणाला, "सिस्टर, तुमच्या मनात कटुता आहे. कटुतेतून सैतान काम करतो. ही साक्ष हजारो घरं वाचवेल."
मी म्हटलं, "मग तुमच्या घरातली सांगा."
बायकांनी एकमेकींकडे बघितलं. ब्रदर हसला, लहान मुलाला हसतात तसं, आणि पा.कडे वळला. "ब्रदर पास्कोल, निर्णय पुरुषाने घ्यायचा असतो. देवाचं ऐकायचं की बायकोचं?"
मला वाटलं, आता दयासागर सुरू होणार. पा. खाली बघत होता. मग आमच्या बोलीत, हळू, वाडीतल्या गड्याशी बोलावं तसं म्हणाला, "हात तिचा आहे. गोष्टही तिचीच. मी परत नाही सांगणार."
"मग आपल्या सेवेत तुम्हाला जागा राहणार नाही."
"बरं," म्हणाला पा.
कोकम सरबत तसंच राहिलं, तीन ग्लास. मी ओतून टाकलं. पा.ने ग्लास विसळले आणि पहिल्यांदा बरोबर जागी ठेवले.
मी शाबासकी दिली नाही. उगाच शेफारायचा.

८ एप्रिल
आचोळ्याहून फोन येत नाही. रोज सकाळी ते वचन पाठवायचे, तेही बंद. ग्रुपमधून काढलंय त्याला. भावाबहिणींची माया, बघा. पा. फोन हातात घेतो, बघतो, ठेवतो.
आता पिणार. खात्री आहे माझी. कोणाचा आधार नाही, टाळ्या नाहीत, कशावर टिकेल? मी वाटच बघतेय. म्हणजे, एकदा होऊन जाऊ दे, पुढचं मला येतं. त्याला ओटीवर आणून टाकायचं, बादली ठेवायची, सकाळी तोंड फिरवून डबा भरायचा. त्यात मी तरबेज आहे. हे जे आता चाललंय त्यात मी…

१० एप्रिल
शाळेत सुलभाताई बाजूला घेऊन म्हणाल्या, "टीचर, सांगू की नको असं झालंय. आगाशीला बारच्या समोर तुमचे मिस्टर उभे होते. स्कूटरवर केळीचे घड तसेच." चांगली बाई. मनगटाबद्दल आजवर एका शब्दाने विचारलं नाही तिने.
घरी येईपर्यंत मी त्याला काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं.
पा. आला. मी टॉवेल द्यायच्या निमित्ताने जवळ गेले.
"हुंगतेस?"
"हो."
"हुंग."
हुंगलं. घाम, केळीचा चीक, विडी. बाकी काही नाही.
"उभा होतास म्हणे."
"होतो. लई वेळ."
"मग?"
"मग काही नाही. केळी उतरवायची होती."
देवाने हात धरला, दूत आला, असलं काही म्हणाला असता तर मी हसले असते. केळी उतरवायची होती म्हणे. जुळवून ठेवलेलं सगळं तोंडातच राहिलं. जेवताना कालवण दोनदा वाढलं त्याला, आणि स्वतःचाच राग आला.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
पा. आपल्या देवळात मिस्साला आला. सगळ्यात मागच्या बाकावर, म्हाताऱ्यांच्यात. क्रूस सदऱ्याच्या आत. गाताना सूर चुकतो, इथे गिटार नाही झाकायला.
जेवणाआधीची प्रार्थना आखडली आहे. आज डोळे मिटून एवढंच, आमच्या बोलीत, "देवा, जेवतो आम्ही." कालवण गरम असताना जेवले. कुठल्या सालानंतर?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीला ऊन मरणाचं. मर्सीची कोणी पाहुणी माझ्या शेजारी चालत होती. मनगटाकडे बघून म्हणाली, "हे काय झालं हो?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "केळीच्या वाडीत घसरले होते."
पा. पाठीमागेच होता. ऐकलं त्याने. मला वाटलं, आता हा सत्यवादी पुढे येऊन दुरुस्त करणार. काही नाही. पुढच्या थांब्याला सगळे गुडघ्यावर बसले तेव्हा तो बसला, आणि सगळे उठले तरी उठला नाही. मर्सीला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन धावली. सगळ्यात पुढे हीच.

२० एप्रिल, ईस्टर
सिंथिया, जावई येऊन गेले. मैद्याचे फुगे तळले. जेवणाबरोबर दारू ठेवली नव्हती, जावई जरा हिरमुसला. मागच्या वर्षी याच जेवणाला पा. परत सुरू झाला होता. यंदा फुगे मोजत नव्हता, एवढे खाल्ले.
चार वाजता मी ओटीवर चहा घेऊन बसले. पा. आला, पायरीवर बसला. पायाचं नख खरवडत म्हणाला,
"सिंथिया म्हणाली, मी तुला दवाखान्यात नेलंच नाही."
"नाही नेलंस."
"मला दिसतं ना पण. तो बाक, तो हिरवा पडदा. मला खरंच दिसतं, फिलू."
"ते तुझ्या आईच्या वेळचं असेल. माझ्या वेळी तू इथे झोपला होतास. इथेच, जिथे मी बसलेय."
मान हलवली. मग म्हणाला, "मला काहीच आठवत नाही. हॉलमध्ये सांगितलं ते मी जोडून जोडून सांगितलं. खरं काय झालं ते तू सांग. कोणाला सांगायला नको. मला."
म्हटलं, उठून आत जावं. नाही गेले. सांगायला लागले. आधी उगाच चिडून, मग नुसतं. भांडण कशावरून, तर मी बाजारातून बांगडे आणले आणि त्याला बोंबील हवे होते. पिरगाळताना तो हसत होता, तेही सांगितलं. हाडाचा आवाज सांगितला. सिंथिया टेबलाखाली शिरली. अभ्रा. बस. कंडक्टरने हात बघून तिकीट फाडलं नाही, पुढच्या सीटवर बसवलं. डॉक्टरने दोनदा विचारलं, नक्की घसरलात ना? मी दोनदा हो म्हटलं. परत आले तर हा उठून बसलेला, विचारतो, बांगडे केले का?
मग केले. एका हाताने.
पा. रडला नाही. देवाचं नाव घेतलं नाही. संपल्यावरही तसाच बसून राहिला, चेहरा असा की बघवेना, आणि मी बघत राहिले. कारण इतकी वर्षं मला तो चेहरा बघायचा होता.
त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तर कप उचलून आत गेले असते, सोपं होतं. मागितली नाही म्हणून तिथेच बसावं लागलं, अंधार पडेस्तोवर.
माफ करणार का? आज तरी नाही. त्याने विचारलं तर अजिबात नाही. पण तो विचारणारच नसेल, तर मग मलाच ठरवावं लागणार, आणि मला…