नदीकाठची वाळूची पट्टी कोणाला आणि का

मी, खाली सही करणारी, शाळा लहानपणीच सुटलेली बाई आहे. माझे अक्षर वाकडे आहे, डोके सरळ आहे. डोक्याचा दाखला डॉक्टरांनी दिला, तो सोबत टाचला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावरच अडले आहे तेही सांगितले. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे पुष्कळ आले, त्यांना चहा देऊन वाटेला लावले.

१. राहते घर मागच्या पडवीसह सुनेला द्यावे. मुलाला नाही. तो मी थंड व्हायच्या आत विकेल. सून निदान पडदे धुऊन मग विकेल.

२. भांडी व शिवणयंत्र सुनेलाच. मोठी पितळी चाळण मात्र मोडीत घालावी.

३. मुलास त्याच्या वडिलांची होडी. तिला भोक आहे. ते त्यानेच पाडले आणि नाव खडकाचे घेतले.

४. नदीकाठची वाळूची पट्टी. हिच्याबद्दल नीट लिहिते, कारण भांडण हिच्यावरूनच होणार.

थंडी सरताना या पट्टीवर नदीतली कासवे अंडी घालायला येतात. ही जात याच नदीची, दुसरीकडे मिळत नाही, असे माझी नात म्हणते. नात म्हणजे या मुलाची मुलगी, माझ्याच हाताखाली वाढलेली. मोठ्या पदवीसाठी तिने हीच कासवे अभ्यासाला धरली. माझ्या चाळणीने वाळू चाळली, माझ्या खाटेखाली खुंट्या आणि जाळ्या ठेवल्या. अंडे हलवायचे तर आधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि दुसऱ्या खड्ड्यात ठेवतानाही ती खूण वरच राहू द्यायची, उलटे झाले तर आतला जीव जातो, हे मला तिने शिकवले. दुखरे गुडघे घेऊन मी तिच्याबरोबर वाळूत बसले. पट्टी हिलाच देईन, असे तेव्हा सर्वांदेखत बोलले होते. तो शब्द या कागदाने मागे घेते.

कारण असे. मुलाला ही वाळू ठेकेदाराला द्यायची आहे. जागा माझ्या नावावर आणि मी सही देत नाही, म्हणून माझे डोळे मिटेपर्यंत बाकीचे कागद तयार करून ठेवावेत असे त्याने ठरवले. उपसायला परवानगी हवी तर तिथे जपण्यासारखे काही नाही असा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तज्ज्ञ घरातच होती. पिल्ले केव्हाच पाण्यात गेली, पुराने पट्टी धुऊन काढली, आणि मग ही फोटो काढायला गेली. लिहिले की पाहणीत एकही घरटे आढळले नाही. खाली सही. त्यानंतर ठेकेदाराच्या कंपनीत नोकरी. मला काही दाखवले नाही. शिंप्याच्या दुकानात मी माप देत उभी असताना ठेकेदाराच्या माणसाने तो अहवाल मोठ्याने वाचला, तेव्हा कळले.

घरी आल्यावर तिला विचारले. ती म्हणाली, "आजी, त्यात एक शब्दही खोटा नाही गं."

मी म्हणाले, "जेवणं उरकल्यावर चुलीत डोकवायचं, आणि बाहेर सांगायचं की या घरात काही शिजतच नाही."

"बाबा मागे लागले होते. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं."

"मग त्याला लिहू द्यायचं होतंस. परक्याशी मला भांडता येतं."

तिने कप विसळला, पालथा घातला आणि गेली. आता फोन करून तब्येत विचारते. तब्येत ठीक आहे.

सबब, सदर पट्टी शेजारच्या टरबूजवाल्यास द्यावी. याच्याशी माझे हद्दीवरून वैर आहे आणि ते माझ्या मागेही चालू समजावे. त्याच्या कुत्र्याने अंडी उकरली तेव्हा मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्याने माझ्या काढल्या, पण दुसऱ्या दिवशी कुत्रा बांधलेला होता. त्याचे वेल वाळूतच वाढतात. वाळू गेली तर त्याचे पोट जाईल, म्हणून तो विकणार नाही. कासवांवर त्याची माया नाही. मायेचे काय होते ते मी पाहिले.

त्याला बोलावून सांगितले तर म्हणाला, "म्हातारे, यात काहीतरी खोट असणार."

"आहे. कासवं येतात त्या टोकाला वेल लावायचे नाहीत. आणि कुत्रं बांधायचं."

"कुत्रं मेलं की गेल्या साली."

"दुसरं पाळशील, ते."

त्याने मान डोलावली. त्याच्या तोंडून तेवढेच पुष्कळ.

५. नातीच्या खुंट्या, जाळ्या आणि वजनकाटा तिचे तिला परत करावे. पट्टीवर यायचे असेल तर टरबूजवाल्याला विचारून यावे. तो नाही म्हणाला तर परत जावे.

६. मुलाने किंवा नातीने या कागदाविरुद्ध कोर्टात दाद मागितली, तर माझी न्यायाधीशांना हात जोडून विनंती आहे की मुलाला काही विचारू नये, वेळ जाईल. नातीला उभे करावे आणि एवढेच विचारावे की तू पाहणीला कोणत्या महिन्यात गेलीस आणि कासवे कोणत्या महिन्यात येतात. ती खरे सांगेल. मी वाढवली आहे तिला.

वर लिहिले ते माझ्या हातचे, वाचून पाहिलेले व मला कबूल आहे.

सही : (माझीच, अंगठा नाही)
साक्षीदार : शिंपी, ज्याच्या दुकानात अहवाल वाचला गेला
साक्षीदार : डॉक्टरांकडची नर्स
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : अकरा मार्च. अंडी वाळूत आहेत.