टॉवेलावरचं वर्तुळ

नाना, ती इंग्लंडची पोरं होती ना, ज्यांचं गाणं लागलं की आई म्हणायची मिक्सरमध्ये खडा पडलाय, त्यांनी गेल्या आठवड्यात बँड बंद केला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि ही बातमी सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, याचं मलाच नवल वाटतंय. घरात आपण तेलुगू बोलायचो, पण मला लिहिता येतं ते मराठी, आणि तुम्हीही पेपर मराठीच वाचायचात, म्हणून मराठीतच लिहिते. त्या पोरांच्या टॉवेलांबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. चार ओळींत संपेल इतकी लहान आहे. पण मी वळसा घालून तिच्याकडे येणार आहे, कारण सरळ जायची हिंमत नाही.

मामानं दिलेला तो जुना कॉम्प्युटर आठवतो? बाहेरच्या खोलीत प्लग नव्हता म्हणून तो स्वयंपाकघरात ओट्यासमोर ठेवलेला, आणि फोडणीच्या धुरानं त्याची पांढरी पेटी पिवळी पडत चाललेली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातल्या मैत्रिणीनं एक सीडी दिली होती. पाच पोरं, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातली, जिथल्या कापडगिरण्या केव्हाच बंद पडलेल्या. ड्रम वाजवणाऱ्याच्या घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी पहिला अल्बम केला होता. असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. गिटारी कानठळ्या बसवणाऱ्या, गायक मध्येच गुरगुरायला लागणारा, पण आतलं तालाचं गणित असं किचकट की बोटं मोजून थकावीत. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. त्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीच्या तालाचा मी महिनाभर पाठलाग करत होते, वहीत काड्या मारत, आणि दरवेळी कुठंतरी घसरत होते.

रविवारची दुपार आहे. तुम्ही खाली बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खाताय. गाणं चालू आहे आणि मी काड्या मारतेय. आई म्हणते, "बंद कर गं ते, त्यांना सुखानं चार घास तरी खाऊ दे." तुम्ही हात वर करून तिला थांबवता. डाव्या हाताचं एक बोट ताटाशेजारी फरशीवर पडायला लागतं. मग तुम्ही न बघताच म्हणता, "सात, सात, तीन. परत सात, सात, तीन. तिसऱ्या फेरीत एक टोला खातंय ते पोरगं." आणि थोडं ऐकून, "चुकून न्हाय खात. मुद्दाम खातंय. लई हुशार हाय." कामाबद्दल बोलताना तुम्ही मराठीवर यायचात, कारखान्याची भाषा ती. म्हणजे तुमच्या लेखी ते कामच होतं. मी गाणं मागे नेऊन मोजलं. सात, सात, तीन. तिसऱ्या फेरीत एक टोला गायब. मी तुमच्याकडे बघत राहिले आणि तुम्ही आईला म्हणालात, "चटणी वाढ की."

नाना, त्या दिवसाइतकी थक्क मी पुन्हा क्वचितच झाले असेन. तुम्ही कधी तबल्याला हात लावला नव्हता. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात बसून नक्षीची कार्डं पाडलीत, म्हणजे ग्राफवरची नक्षी मागाला कळावी म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडलीत, एवढंच. एकदा डबा द्यायला कारखान्यात आले होते तेव्हाचं आठवतं. वीस माग एकदम चाललेले, आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही, आणि तुम्ही ग्राफच्या कागदावरून मान न उचलता ओरडलात, "भिंतीकडचा चौथा बघा रे, धागा गेला त्याचा." माणूस धावत गेला. खरंच गेला होता. ज्या कानाला वीस मागांतला एक धागा ऐकू येत होता, त्याला ती पोरं काय जड जाणार होती? पण हे सुचायला मला वर्षं लागली. तेव्हा फक्त वाटलं, हा माणूस माझा बाप आहे आणि मला तो अजिबात माहीत नाही.

त्यानंतर ती पोरं वर चढत गेली. दुसरा अल्बम आला आणि जर्मनी, जपान, अमेरिका सगळीकडून लोक त्यांच्याबद्दल लिहायला लागले. मी सायबर कॅफेत बसून ते सगळं वाचायचे आणि घरी येऊन अशा तोऱ्यात सांगायचे की जणू माझीच भावंडं परदेशी गेलीत. त्यांची खूण होती एक वर्तुळ, वरच्या उजव्या अंगाला तुटलेलं. त्यांचं म्हणणं असं की अजून काहीतरी करायचं बाकी आहे, म्हणून ते उघडं ठेवलंय. माझ्या एका वहीच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं काढलेली तसली तीस-चाळीस वर्तुळं असतील.

मी तिसऱ्या वर्षाला असताना ती पोरं बेंगलोरला येणार असल्याचं कळलं. मैत्रिणी निघाल्या होत्या. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "बेंगलोरला? कशाला? हितं ऐकू येत न्हाय काय?" मी हसले नाही. मी रडले, ताट सरकवलं, वाट्टेल ते बोलले, उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही एवढंच म्हणालात, "न्हाय म्हणजे न्हाय." मैत्रिणी जाऊन आल्या, अंगात काळे टी-शर्ट घालून कॉलेजात फिरल्या, आणि मी तुमच्याशी बोलणं बंद केलं.

आणि मग तो रविवार. तुम्ही पिशवीतून एक झेरॉक्स काढून फरशीवर पसरलीत, शेजारी ग्राफचा कागद. परदेशची टॉवेलांची ऑर्डर होती, मुंबईच्या एजंटामार्फत आलेली. घाई एवढी की नमुना पाठवून होकार घ्यायलाही वेळ नव्हता. मालक गावाला गेलेले. आणि झेरॉक्सवर ते वर्तुळ; असले टॉवेल बँडवाले कार्यक्रमांत चाहत्यांना विकतात. माझं वर्तुळ! जगात एवढे कारखाने, एवढे गावोगावचे माग, आणि त्या पोरांची खूण पार सोलापूरच्या पूर्व भागात, आपल्या स्वयंपाकघरात, भाकरीच्या परातीशेजारी येऊन पडली होती. मी ओरडायला हवं होतं. तुमच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण मी रुसले होते ना.

तुम्ही चष्मा वर करून झेरॉक्स उजेडात धरलीत. "काय गं, हे हितं तुटलंय. मुद्दाम हाय, का चुकून उडलंय? झेरॉक्सची झेरॉक्स हाय, रेघ उडती कधीकधी." बरोबर तोच प्रश्न. गाण्यातला टोला तुम्हाला एका ऐकण्यात कळला होता, कागदावरचा कळेना, म्हणून तुम्ही विचारलंत. खूण कुणाची ते तुम्हाला माहीत नव्हतं, पण शिकलेल्या पोरीला कळेल म्हणून मला विचारलंत. शिवाय ते पंधरा दिवसांतलं तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं होतं. मला आता वाटतं, त्यात थोडी समेटाची इच्छाही असेल.

मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "चुकून. जोडा ते."

हीच ती गोष्ट.

तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि चौकोनामागून चौकोन भरत ते वर्तुळ जोडलंत. एक चौकोन म्हणजे एक धागा. इतकं सफाईनं जोडलंत की कुठं तुटलं होतं ते मलाही शोधता आलं नसतं. त्यावरून कार्डं पाडली गेली, माग चालले, सगळा माल तयार झाला. मुंबईहून एजंट आला, त्यानं एक टॉवेल उलगडला आणि सगळा माल नापास केला. मालकांनी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. हे मला तुमच्याकडून नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. मालक म्हणाले, "काय ओ मास्तर, जसं हाय तसं काढायचं की! तुमाला शानपना सांगितला कुनी?" कुणी सांगितला होता ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय." मग तुम्ही तीन दिवस बसून नवी कार्डं पाडलीत, तुटलेल्या वर्तुळाची.

पहिला माल दुय्यम म्हणून गावात आणि आसपासच खपला. ते दृश्य काय वर्णावं! सलूनमध्ये गिऱ्हाइकांच्या गळ्यात, खानावळीत हात पुसायच्या खिळ्याला, अक्कलकोटच्या लॉजच्या गच्चीवर ओळीनं वाळत, सगळीकडे इंग्लंडच्या मेटल बँडची खूण, आणि तीही दुरुस्त करून दिलेली. दुसरं कुणी केलं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण चोराच्या मनात चांदणं. मी रस्त्यानं खाली बघत चालायचे.

एकदा तुम्हाला कसला तरी पत्ता लिहून घ्यायचा होता आणि ओट्यावरची माझी वही तुम्ही उचललीत. पुठ्ठ्यावर तीस-चाळीस तुटकी वर्तुळं. तुम्ही बघत राहिलात. मी चहा गाळता गाळता ते पाहत होते. तुम्ही वही होती तशी ठेवलीत आणि पत्ता पेपरच्या कडेला लिहिलात. दोन दिवसांनी घरी आलात ते नापास मालातला एक टॉवेल घेऊन. "घे. तुझ्या पोरांचा हाय." मग म्हणालात, "गाण्यातलं कळलं मला. ह्यातलं न्हाय कळलं." आणि हातपाय धुवायला गेलात. मी इतकं मोठं खोटं बोलले, आणि तुम्ही ते स्वतःच्या न कळण्यावर घेऊन मोकळे झालात. एवढं मोठं मन माणसाला कुठून येतं, नाना? मी ते आजतागायत दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

त्यानंतर नवी नक्षी तुमच्याकडे आली नाही. मालकांनी कॉम्प्युटरवर नक्षी करणारा मुलगा ठेवला, तुम्ही जुन्या चादरींची फाटलेली कार्डं दुरुस्त करत राहिलात. ते कधी ना कधी होणारच होतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण तुम्हाला नव्या कागदावर शेवटचं काय काढायला मिळालं, तर ते वर्तुळ. तेही माझ्या शब्दावर.

पोरांचं पुढं काय झालं ते सांगते. तुम्ही गेलात त्याच वर्षी त्यांचा गायक सोडून गेला. नवा आला. त्याचा गळा तुम्हाला आवडला असता, गुरगुरणं कमी आणि सूर पक्का. तिसरा अल्बम त्यांनी सत्तर वादकांचा ताफा घेऊन केला आणि हजारो लोक अंधारात उभे राहून सात-सात-तीनवर माना हलवताना मी व्हिडिओत पाहिले. एकाचीही मान चुकत नव्हती. मग दोघा गिटारवाल्यांचं बिनसलं, बाकीच्यांना मुलंबाळं झाली, ड्रमवाला शाळेत शिकवायला लागला, आणि चार-पाच वर्षं काहीच आलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी चार ओळी लिहून कळवलं की करायचं होतं ते झालं, आता थांबतो. खाली शेवटच्या कार्यक्रमाचं पोस्टर. त्यावर त्यांचं वर्तुळ.

जोडलेलं.

नाना, मी ऑफिसात खुर्चीतून उठले. पोस्टर मोठं करून बघितलं. तीच जाडी, तीच सफाई, वरच्या उजव्या अंगाला कुठं सांधा दिसत नाही. त्यांना तुम्ही माहीत नाही. तो नापास माल त्यांनी कधी पाहिलाही नसेल. पण एवढी वर्षं जग फिरून, भांडून, थकून ते शेवटी जिथं पोचले, तिथं तुम्ही एका रविवारी पेन्सिल घेऊन पोचला होतात. कशानं पोचला होतात ते मला माहीत आहे, तरीही माझे हात जोडले गेले.

मी आता टॉवेलांच्याच कारखान्यात नक्षी विभागात आहे. नक्षी सगळी स्क्रीनवर होते. नव्यानं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी तुमची गोष्ट सांगते. रंगवून सांगते. सलून, खानावळ, लॉजची गच्ची, सगळे हसतात. परवा पोस्टर दाखवून पुन्हा सांगितली तेव्हा तर टाळ्या पडल्या, एक जण म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील काळाच्या पुढं होते की!" मीही हसले. आणि शेवटी नेहमीचं तात्पर्य सांगितलं: एवढा कसबी माणूस, पण एक चूक केली, विचारलं नाही. म्हणून तुम्ही विचारत चला.

विचारलं नाही, असं मी सांगते. दरवेळी.

हे पत्र त्या टॉवेलाच्या घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं टाकायचं ते कळत नाही. उद्या एक नवी मुलगी यायची आहे शिकायला. तिला गोष्ट खरी खरी सांगेन, असं इथं लिहिलं होतं, ते खोडलं. सांगवेल की नाही ते माहीत नाही, आणि तुम्हाला आणखी एकदा खोटं सांगायचं नाही.