सरोवराचा क्रमपाठ

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकटीने आज तिच्या आईच्या फोनची घंटी पुसून टाकली. तिचीच धून होती ती — एका व्हिडिओ गेमसाठी तिने रचलेली. आता फोन आला की नुसती टुरटुर वाजते. आमची ही फोन उचलायचे सोडून त्याच्याकडे बघत बसली.

कारण ठाऊक आहे. गेमची नवी आवृत्ती निघाली आणि तीतून कंपनीने धाकटीचे सारे संगीत वगळले. "रडकं आहे, खेळणारे वैतागतात" — असा तिथल्या कुणा दीडशहाण्या साहेबाचा अभिप्राय! वापरायचे नाही म्हणून हक्कही परत केले. उष्टे ताट सरकवावे तसे.

जेवताना तिने एका दमात निकाल लावला. "कीबोर्ड शाळेला देऊन टाकतेय. सोळाला, रविवारी न्यायला येतील." मी विचारले, आणि तू? "मी काय अप्पा, नोकरी बघीन. लोक करतातच की."

लहानपणी जिला वाद्यावरून ओढून जेवायला बसवावे लागे, ती हे बोलते! मला हे मान्य नाही. देवालाही मान्य नसावे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळच्या वेदपाठात चित्त नव्हते. पाठ मात्र चुकवला नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तळमजल्यावरच्या डीजेकडे गेलो. लग्नसमारंभांत गाणी लावणारा हा गृहस्थ चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, हेडफोन गळ्यात घालूनच जन्मला असावा असा. त्याच्या धडधडीबद्दल आजवर सर्वाधिक तक्रारी माझ्याच. मला दारात पाहताच त्याने आवाज बंद केला. "काका, आईशप्पथ, आज बारीकच ठेवला होता!"

म्हटले, मोठा कर. आणि हे कसे करतात ते मला शिकव.

त्याने धाकटीचा गेम खेळलेला निघाला. जुनी आवृत्ती अजून त्याच्या संगणकात आहे. खेळात एक नावाडी. धुक्याने भरलेले सरोवर त्याने एकट्याने ओलांडायचे. शत्रू नाहीत, गुण नाहीत — केवळ वल्हे आणि ती धून. "मी तिथे मुद्दाम नाव थांबवून बसायचो, काका. ही आपल्या ताईंची? वरच राहतात आणि मला पत्ता नाही!"

घंटीतल्या तुकड्यापलीकडे मीही ती कधी ऐकली नव्हती. आज सबंध ऐकली, आणि ताठ बसलो. चार स्वरवाक्ये. पहिले दुसऱ्याला जोडलेले, मग दुसरे तिसऱ्याला, तिसरे चौथ्याला — हा तर क्रमपाठ! माझ्या वडिलांनी मला दिलेला, मी रोज सकाळी म्हणतो तो. ऋचेतला एकही शब्द निसटू नये म्हणून पूर्वजांनी ओवलेली साखळी. दाराआड खेळणारी पोर ऐकत होती तर!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डीजेची कल्पना — धुनेचे ट्रान्स रिमिक्स करू. म्हणे, जुन्या गेमच्या संगीताचे असे रिमिक्स लोक जीव टाकून ऐकतात. ट्रान्स म्हणजे काय, विचारले. "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची, काका. दर खेपेला एक पदर वाढवायचा. ऐन भरात सगळं काढून घ्यायचं, ठोकासुद्धा. माणूस एकटा पडला पाहिजे. आणि मग एकदम सगळं परत द्यायचं!"

यात नवीन ते काय? आवृत्ती, विरह, साक्षात्कार. आम्ही हेच करत आलो, फक्त स्पीकर लहान होते.

"नाचता नाचता डोळ्यांत पाणी आलं पाहिजे," तो म्हणाला. त्या साहेबाला रडके नको होते ना? आता रडवूच. आणि नाचवूही!

रविवार, ९ फेब्रुवारी

माझे जुने स्नेही वैद्यबुवा नेहमीप्रमाणे पोथीच्या सहवाचनाला आले. कुणीतरी आधीच कान फुंकले होते. "क्रमपाठावर धांगडधिंगा घालताय म्हणे? या वयात डिस्को?" मी सांगितले, ऋचेतले एक अक्षरही त्यात नाही. केवळ मुलीची धून आहे आणि तिची बांधणी. "पण बांधणी पवित्र आहे!" म्हटले, पवित्र आहे म्हणूनच हादऱ्यांना भीत नाही. तुमच्या काढ्यासारखी झाकून ठेवली तरच टिकते, असे नाही.

बुवा चष्मा पुसत राहिले. "तुम्ही त्या तळमजल्यावर जाणार, तर मी इथे वाचायला येणार नाही."

पोथी मीच बांधली. एकट्याने वाचीन.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मुख्य काम झाले. डीजेने धून पडद्यावर मांडली. प्रत्येक सूर म्हणजे एक रंगीत ठोकळा. वर उंच, खाली नीच. साखळी डोळ्यांना दिसते! आणि दिसला एक दोष. चौथ्या वाक्याच्या सुरुवातीचा ठोकळा ओळीतून खाली घसरलेला. तीन वाक्ये ज्या सुरावर उभी राहतात, त्यावर चौथे उभेच राहत नाही. आधी किंचित पोकळी, मग खालचा सूर, मग धडपडत वर.

"ओरिजिनल तसंच आहे, काका. राहू द्या ना."

अपस्वर राहू द्यायला मी काही मेलेलो नाही! वडिलांपुढे सूर केसभर उतरला तर ओळ पहिल्यापासून म्हणावी लागे. माझ्याच बोटाने ठोकळा वर सरकवला, पोकळी बुजवली. आता साखळी निर्दोष आहे.

घरी येऊन हिला अभिमानाने सांगितले — धाकटीचा चौथ्या ठिकाणचा अपस्वर मी काढला. ही भाजी चिरता चिरता हसू लागली. पदराने डोळे पुसण्याइतकी हसली. काय झाले विचारले तर, "काही नाही हो. तुमचं चालू द्या."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

धाकटीला कळले. जिन्यात उभी राहून बोलली, आत यायलाही तयार नाही. "अप्पा, नको. माझ्या मेलेल्या गाण्याला रंगरंगोटी करू नका. मी संपवलंय ते."

म्हटले, तू संपव. मी आरंभ केला आहे.

"तुम्हाला कधी आवडत होतं का हे सगळं?"

"आवडीचा प्रश्नच नाही. पाठ मध्ये सोडायचा नसतो."

दार आपटले तिने. बरे वाटले! गेल्या कित्येक दिवसांत तिने काहीही जोराने केले नव्हते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रिमिक्स पूर्ण. आधी लांबवर एकच सूर, धुक्यासारखा. मग वल्ह्याचा ठोका. मग साखळी, कडीवर कडी. मध्यावर सारे थांबते, आणि त्या रिकामेपणात धून एकटी उभी. मग छातीत ठोका परत येतो.

डीजे डोळे पुसत होता. माझे कोरडे राहिले. काहीतरी कमी आहे. निर्दोष आहे, तरी कमी आहे. दोघांनी पुष्कळ डोके खाजवले, सापडले नाही.

उद्या कीबोर्ड जाणार. उद्याच वाजवायचे — जे आहे ते!

रविवार, १६ फेब्रुवारी

शाळेच्या संगीतबाई सकाळीच गाडी घेऊन आल्या. धाकटीने कीबोर्ड खोळीत भरून ठेवलेलाच होता. मी खाली जाऊन डीजेला खूण केली. लग्नातले दोन्ही मोठे स्पीकर त्याने अंगणात, बरोबर तिच्या खिडकीखाली आणले होते. संगणक ओट्यावर. शेजारी गॅलऱ्यांत. समोरच्या बाकावर — वैद्यबुवा! म्हणाले, "वाचायला नाही आलो. भांडायला आलोय." बसा म्हटले.

सुरू झाले. खिडकीच्या काचा थरथरल्या. संगीतबाई पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. मध्यावर ठोका गेला, धून एकटी उरली, पहिले वाक्य, दुसरे, तिसरे, चौथे —

"बंद करा!"

धाकटी जिना उतरत नव्हती, कोसळत होती. अनवाणी. "चौथ्याचा सूर कुणी हलवला? कुणी हात लावला त्याला?"

डीजेने दोन्ही हात वर केले. "ताई, मी नाही! काका म्हणाले, अपस्वर आहे."

ती माझ्याकडे वळली. एवढा संताप मी तिच्या तोंडावर तिच्या सोळाव्या वर्षानंतर पाहिला नव्हता. "अपस्वर? अप्पा, सगळी धून त्या एका सुरासाठी आहे! साहेबालाही तोच खुपला होता, आणि तुम्हीही तोच काढलात?"

"साखळी तुटत होती," मी म्हटले.

"तुटत नाही. तिथे ती श्वास घेते!" मग डीजेला, "उठा." तो उठला. ती बसली. ठोकळा खाली ओढला, माझी बुजवलेली पोकळी पुन्हा उघडली. "हा बेस इतका लवकर का येतो? आणि वल्ह्याचा ठोका कुणी केलाय? बरा आहे. अहो संगीतबाई, ती खोळ जरा इकडे द्या."

बाईंनी खोळ दिली. तिने ओट्यावरच कीबोर्ड उघडला आणि दुपारपर्यंत उठली नाही. बाईंची गाडी रिकामी गेली. जाताना म्हणाल्या, "शाळेला दुसरा मिळेल."

मग पुन्हा वाजवले. मध्यावर सारे थांबले. तीन वाक्ये उभी राहिली. पोकळी आली. सूर खाली पडला — आणि मला हुंदका आवरेना. बुवा चष्मा काढून बसले होते. भांडले नाहीत.

तरी कळले नाही. नियम मोडतो तिथेच का गलबलावे? हिला विचारले. "उद्या पाठ म्हणताना जरा स्वतःकडे कान द्या," म्हणाली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी पाठाला बसलो, दार उघडे ठेवून. पहिले पद, दुसरे, तिसरे. चौथ्याच्या तोंडाशी श्वास संपला, थांबलो. आणि सूर खाली पडला. मी पाडला नाही — तो तिथे रोज पडत असणार. शेजारच्या खोलीतून कीबोर्डवर तोच सूर आला, आणि मी वर चढेपर्यंत माझ्यासाठी थांबला.

ओळ पहिल्यापासून म्हटली नाही. म्हणणारही नाही.